वरच्या आळीचं औषध

सुजाता, डेंग्यूचा डास मी दरवर्षी फळ्यावर काढते. पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालणारा. मुलं चित्र उतरवून घेतात, मी वह्या तपासते, आणि पट्टे विसरलेल्याला अर्धा गुण कमी देते. त्या डासाने तू गेलीस. हे वाक्य मी आत्ता स्वतःच्या हाताने लिहिलं, तरी ते दुसऱ्या कुणा बाईबद्दलचं वाटतंय, जिचं नाव योगायोगाने तुझं आहे.

आपण एका बाकावर प्राणिशास्त्र शिकलो. पुढे मी बोर्लीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले आणि तू गावी येऊन खाडीकाठी हॅचरी काढलीस, खाडीतल्या खेकड्यांची, चिंबोरीची पिल्लं वाढवण्याची. लोक म्हणायचे, चिंबोऱ्या खाडीत आपोआप होतात, त्या वाढवायच्या कशाला? तू म्हणायचीस, "आपोआप होत होत्या तेव्हा तुम्ही टोपलीने आणायचात. आता पिशवीने आणता. पुढे खिशातून आणाल." ते हसायचे आणि विषय बदलायचे. तुझ्याशी वाद घालायला गावात फारसं कुणी उभं राहत नसे. ते काम माझ्याकडे होतं.

शेवटचं बोलणं फोनवर झालं, तुला माणगावच्या इस्पितळात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. हॅचरीतली टाकी मी बघत होते. कसं वाटतंय म्हणून मी विचारलं, तर तू विचारलंस, "टाकीचा रंग कसा आहे?" हिरवट आहे, ठीक आहे, म्हटलं. "पिल्लं खाली बसलीत का वर आहेत?" वर आहेत, म्हटलं. "मग मीपण वर आहे," म्हणालीस आणि हसलीस. आवाज बारीक होता, पण तो तापाने बारीक झालेला आवाज होता. मी असे आवाज ऐकले आहेत. संध्याकाळी करते, असं सांगून मी फोन ठेवला. संध्याकाळी आप्पांचा आला. मी भाजी निवडत होते. तुझे वडील आयुष्यभर शाळामास्तर, कधी घाईने बोलले नाहीत, तेव्हाही नाही बोलले. "मीना, सुजाता गेली," म्हणाले. मी विचारलं, "कुठे?"

खरंच विचारलं. मला वाटलं, पुढे पनवेलला किंवा मुंबईला हलवलं असेल.  तेच वाक्य आप्पांनी पुन्हा तसंच म्हटलं, वर्गात न समजलेल्या मुलाला सांगावं तसं.

त्या दिवसापासून मला तुझ्या घरचं एक जेवण आठवत राहतं. मोठं काही घडलं नव्हतं त्या दिवशी. रविवार होता, आप्पांनी चिंबोरीचं कालवण केलं होतं. कुंदाताईही होत्या, तुझ्याच आळीतल्या, गावच्या आशा सेविका. तू रश्श्यातून चिंबोरीच्या डोळ्याचा देठ उचललास आणि माझ्या ताटावर धरलास.

"हे बघ. एवढ्याशा देठात सगळा कारभार. डोक्याजवळची एक ग्रंथी म्हणते, कात टाक, मोठी हो. हा देठ म्हणतो, थांब, इतक्यात नको. आणि तिसरी ग्रंथी जबड्याजवळ. तिचा रस आहे तोवर पिल्लू पिल्लूच राहतं. तो ओसरला की मगच त्याचं रूप बदलतं."

"सुजाता, जेवताना डोळं नको काढू गं," कुंदाताई म्हणाल्या. "घास अडकला माझा."

"अडकला तर कात टाका, ताई."

"मी कात टाकली तर गावाला आशा कोण ऱ्हाईल? तू?"

आप्पा म्हणाले, "सकाळी पंचशील म्हणायचं, प्राणिहत्या करणार नाही, आणि दुपारी रस्सा ओरपायचा. हे तुम्हा शास्त्रवाल्यांचं मला कळत नाही."

"रस्सा तुम्ही केलाय, आप्पा."

"मी रिटायर आहे," आप्पा म्हणाले.

त्या जबड्याजवळच्या रसाचं नाव फार्नेसोएट. मी ते पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. तू ते टाकीत रोज बघत होतीस. चिंबोरीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा चिंबोरीसारखं मुळीच दिसत नाही. काट्यांचं एक टिंब पाण्यात लटकलेलं असतं, पुस्तकात त्याला झोईया म्हणतात. ते पुन्हा पुन्हा कात टाकतं आणि एके दिवशी मेगालोपा होतं. नांग्या येतात, पण शेपूट अजून मागे पसरलेलं. ते शेपूट पोटाखाली दुमडलं की ती चिंबोरी. दर मोसमात तू लोणच्याच्या बरणीत मेगालोपा घालून माझ्या वर्गात यायचीस. मुलं बाकांवर चढायची. तू म्हणायचीस, "नांग्या नका बघू, नांग्या सगळेच बघतात. शेपूट बघा." माझ्या वर्षभराच्या शिकवण्यातलं मुलांना तेवढं लक्षात राहायचं. मला त्याचा हेवा वाटत असे. आनंदही तितकाच वाटायचा, आणि यातलं काहीच मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं असं तेव्हा वाटलंच नाही. बरणी रिकामी करून परत द्यायची घाई असायची.

गेल्या मोसमात तुझी एक टाकी नेमकी त्या बदलाच्या उंबरठ्यावर गेली. झोईयांनी जुनी कात अर्धी सोडवली, पाय तिच्यात अडकले, आणि ते तसेच मेले. तू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होतीस. मी मागे उभी राहून म्हटलं, खाण्यात तेल कमी पडलं असेल. तू मान न वळवता म्हणालीस, "पंचायतीचं औषध."

तिथून आपला वाद सुरू झाला, आणि तो तसाच राहिला आहे.

पंचायतीने त्या पावसात डासांच्या अळ्यांसाठी नवं औषध आणलं होतं, उघड्या टाक्यांत आणि डबक्यांत टाकायचं. कुंदाताई घरोघर सांगत फिरायच्या, "यानी डास मरत न्हाय. तो मोठाच होत न्हाय. बाळ ऱ्हातो नि बाळपणीच जातो." गावच्या आरोग्य समितीवर मी शिक्षक म्हणून आहे. मी औषधाला हो म्हटलं होतं. यंदा पुन्हा ते वाटायची वेळ आली तेव्हा तू बैठकीला आलीस, न बोलावता, हात खाऱ्या पाण्याने पांढरे झालेले.

"किडे आणि खेकडे चुलत भावंडं," तू म्हणालीस. "डासाच्या अळीला जो रस अळीच ठेवतो, त्याची हे औषध नक्कल करतं. त्या रसाचा सख्खा भाऊ माझ्या पिल्लांच्या अंगात आहे. वरच्या आळीतलं सगळं पाणी ओहोळातून खाडीत येतं, ते माझ्या पंपाच्या तोंडाशी."

मी म्हटलं, "कुलूप वेगळं आहे, सुजाता. डासाची चावी चिंबोरीला लागणार नाही."

"लागणार नाही, पण आत अडकून बसेल. तू चुकीची चावी कुलपात कधी मोडली नाहीस?"

बैठक हसली, कारण पंचायतीच्या कपाटात तशीच एक चावी मोडलेली होती आणि ते कपाट अजून उघडलेलं नव्हतं.

मी हसले नाही. मी म्हटलं, "खाडीत भरतीचं पाणी केवढं, त्यात औषध किती उरणार? आणि डेंग्यूने एखादं माणूस गेलं तर?"

"औषधाने काम सोपं वाटतं, म्हणून लोक करवंट्या उचलत नाहीत. तो डास ओहोळात नाही, तुमच्या परसात आहे. वरची आळी माझ्यावर सोडा. दर आठवड्याला घरोघर जाऊन मी स्वतः पाणी ओतते."

समितीने ते मानलं. वरच्या आळीत औषध नाही. आळी तुझीच, घरं तुझ्याच लोकांची. आणि तू शब्द पाळलास. कुंदाताईंना घेऊन दर आठवड्याला पिंपं, कुंड्या, टायर, ताडपत्रीच्या घड्या सगळं पालथं करत गेलीस. बायका म्हणायच्या, "आली बघा पाणी ओतणारी. आमच्या जावयाच्या आंघोळीचं तरी ठेव." तू म्हणायचीस, "डास चावला तर जावई पुन्हा यायचा नाही." एक म्हातारी म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे थोडं." हे तू मला इतक्यांदा सांगितलंस, आणि दर वेळी म्हातारीच्या आवाजात.

मग तुला ताप आला. अंग मोडून आलंय म्हणालीस, टाकीपाशी उभं राहून होतं असं, म्हणालीस. पिल्लं वाढीला लागली होती आणि तुला झोपायचं नव्हतं. मी डास फळ्यावर काढणारी बाई, मीसुद्धा तुझ्यासमोर बसून चहा प्यायले आणि मोसम संपला की विश्रांती घे म्हणाले. आपण दोघी किती शिकलेल्या होतो, सुजाता.

तुझ्या जलदान विधीला बौद्धाचार्यांनी गाथा म्हटल्या. आप्पांनी तांब्यातून वाटीत पाणी ओतलं, वाटी भरून खालच्या ताटात सांडेपर्यंत. त्यांचा हात स्थिर होता. मी त्या पाण्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच येत होतं की हे ताट आता कुणीतरी लगेच रिकामं करायला हवं. अशा वेळी असं सुचतं याची मला लाज वाटली नाही, काहीच वाटलं नाही. मी सुन्न होते.

माणसं जेवून गेल्यावर कुंदाताई आप्पांपाशी बसल्या.

"गुरुजी, वेळ वाईट हाय, पर सांगाया लागतं. आळीत अजून दोन पोरांना ताप हाय. उद्या आळीत औषध टाकू का?"

आप्पा म्हणाले, "तिने नको म्हटलं होतं. समितीनं मानलं होतं. ती गेली म्हणून तिचा शब्द गेला का?"

"शब्द तिचा हाय, गुरुजी. डास कुणाचाच न्हाय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मीना, समितीवर तू आहेस. तू सांग."

टाकीत तुझे झोईया शेवटच्या कातेपाशी आले होते. गेल्या मोसमात जिथे अडकून मेले, तिथेच. औषध टाकलं आणि तुझं म्हणणं खरं असलं, तर तुझी शेवटची टाकी जाणार. नाही टाकलं, तर तापलेल्या दोन पोरांच्या शेजारची घरं उघडी. आप्पांना माझ्याकडून काय हवं आहे ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी तुझी मैत्रीण म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. समितीचं त्यांनी नुसतं नाव घेतलं.

मी म्हटलं, "टाका."

आप्पा उठले आणि आत गेले. आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला, एकेक, सावकाश.

सकाळी मी कुंदाताईंबरोबर आळीत फिरले. सुरुवात तुमच्या घरापासून केली, कारण घर तुमचंच पहिलं आहे. परस कोरडं होतं. पिंपावर जाळी होती, तू बांधलेली, गाठ सुटता सुटेना. मोरी स्वच्छ. कुंदाताई म्हणाल्या, "हिच्या घरात काय मिळायचं न्हाय, पण बघाया पायजे," आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फ्रीज पुढे ओढला. फ्रीजच्या मागे तळाशी एक ट्रे असतो, आत वितळलेलं पाणी तिथे साठतं. त्यांनी टॉर्च मारला. मग त्या मागे सरून जमिनीवरच बसल्या.

पाण्यात अळ्या होत्या. वळवळत वर येत होत्या, खाली जात होत्या.

"गावाच्या करवंट्या वतल्या पोरीनं," कुंदाताई म्हणाल्या. 

आप्पा दारात उभे होते. "असा ट्रे असतो हे मला ठाऊक नव्हतं," म्हणाले. मी म्हटलं, मलाही नव्हतं. ते पुढे आले, ट्रे ओढून काढला, अंगणात नेऊन उन्हात मातीवर ओतला, आणि अळ्या वाळेपर्यंत तिथे उभे राहिले. मी घरी जाऊन माझा फ्रीज ओढला. आमच्या ट्रेमध्येही पाणी होतं. अळ्या नव्हत्या. का नव्हत्या ते मला सांगता येत नाही.

त्या ट्रेमधल्याच डासाने तुला मारलं असं म्हणता येत नाही. तू असतीस तर हे तूच आधी म्हणाली असतीस. पण त्या ट्रेमुळे माझं डोकं बधिर झालं आहे. मी पुन्हा पुन्हा तिथेच जाते. आळीत औषधाला तू परवानगी दिली असतीस, तरी ते फ्रीजच्या मागे कुणी टाकलं असतं? कुणीच नाही. म्हणजे माझं औषध तुला वाचवणार नव्हतं. आणि तुझं ओतणंही तिथे पोचलं नाही. आपण दोघी एवढं भांडलो, आणि ते पाणी आपल्या दोघींच्याही भांडणाच्या बाहेर, स्वयंपाकघरात साठत होतं. तू त्याच फ्रीजमध्ये पिल्लांचं खाणं ठेवत होतीस. दिवसातून कितीदा त्याच्यापुढे उभी राहत असशील.

कुंदाताईंनी आळीतल्या पहिल्या पाण्याच्या टाकीत औषध टाकायच्या आधी मी हॅचरीत जाऊन तुझ्या पंपाचा वॉल्व्ह बंद केला. खाडीचं पाणी आत घ्यायचं नाही, साठवलेल्या पाण्यावर जेवढे दिवस निघतील तेवढे काढायचे. यात धोका होता. पाणी बदललं नाही तर ते खराब होतं, आणि झोईयांना खराब पाणी सोसत नाही. पण मला एवढंच सुचलं. थोड्या वेळाने आप्पा आले. माझ्याशी बोलले नाहीत. चप्पल बाहेर काढली, पाय धुतले, आणि नळी घेऊन टाकीच्या तळाची घाण ओढायला बसले. तू त्यांना कधी हात लावू दिला नव्हतास, पण दारात खुर्ची टाकून बसल्या बसल्या त्यांनी सगळं पाहून ठेवलं होतं. नंतरच्या दिवसांत ते मी कॉलेजला जायच्या आधी येत आणि मी परत येईपर्यंत थांबत.

परवा बदल सुरू झाला. मी काचेच्या पेल्यात थोडं पाणी घेऊन उजेडात धरलं. मेगालोपा होते. नांग्या उघडून पोहत होते, शेपूट मागे पसरलेलं. आणि त्यांच्या मधे, अर्ध्या कातेत पाय अडकलेले, मेलेले झोईयाही होते. गेल्या वर्षीसारखे.

"अडकलेत किती?" आप्पांनी विचारलं. त्या ट्रेच्या सकाळनंतर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते.

"पुष्कळ."

"आणि सुटले?"

"तेही आहेत. गेल्या वर्षीपेक्षा जास्त असतील."

"कशामुळे अडकले?"

 वॉल्व्ह बंद करण्याआधी आलेल्या पाण्यात औषधाचा काही अंश होता का, कारण गावाच्या इतर भागांत ते आधीपासून होतंच? की पाणी शिळं झालं? की खाण्यात तेल कमी पडलं, जे मी गेल्या वर्षीपासून म्हणते आहे? तिन्ही शक्य आहेत. मी तसं सांगितलं. आप्पांनी पेला माझ्या हातातून घेतला, डोळ्यापाशी नेला आणि म्हणाले, "तिने एकच कारण सांगितलं असतं."

"हो."

"आणि तू दुसरं."

"हो, आप्पा."

ते थोडं हसल्यासारखे झाले. मग पेला माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन बसले आणि रडले. मी आत टाकीपाशी उभी राहिले. त्यांच्याजवळ जावं की नाही ते मला कळलं नाही. मी गेले नाही.

मेगालोपा एकमेकांना खातात म्हणून त्यांना वेगळं करत बसले आहे. तू करायचीस तितकं भरभर जमत नाही. ज्या बायकांना तू खारफुटीत जाळ्या लावून त्यांत वाढवायला पिल्लं द्यायचं कबूल केलं होतंस, त्यांना मी निरोप पाठवला आहे की पिल्लं थोडी असतील, पण असतील. आळीतल्या दोन्ही पोरांचा ताप उतरला. औषधाने नाही उतरला. जसा उतरायचा तसा उतरला, आणि तुझाच का उतरला नाही, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. कुंदाताई आता प्रत्येक घरात आधी फ्रीज ओढतात. लोक कुरकुरतात, पण ओढू देतात.

मी "टाका" म्हटलं ते बरोबर होतं असं मला वाटतं. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणेन. तू असतीस तर खूप चिडली असतीस. वरच्या आळीचं तुला कबूल केलेलं मी तुझ्या मागे मोडलं, तेही आप्पांच्या तोंडावर. तू आठवडाभर माझ्याशी बोलली नसतीस. मी रोज हॅचरीच्या दारात येऊन उभी राहिले असते, आणि तू पाठमोरी राहून टाकीशी बोलली असतीस. सुजाता, मी तो आठवडा फार आनंदाने काढला असता.